शाश्वततेसाठी फेकलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. वय एकेचाळीस, लाकूड सागाचं. सध्याचा पत्ता : कॉलेजची मागची भिंत आणि सायकल स्टँड यांच्यामधली जागा. इथे आम्ही एकशे बारा बाक पालथे पडलो आहोत. आम्हाला फेकून कॉलेजने पर्यावरण वाचवलं. कसं, ते शांतपणे सांगणार होतो, पण जमेलसं वाटत नाही.

माझ्या जन्माच्या वेळी एका झाडाचा जीव गेला. म्हणून मी ठरवलं, त्या झाडापेक्षा जास्त जगायचं. रसायनशास्त्राच्या वर्गात खिडकीपाशी माझी नेमणूक झाली. माझ्यावर बसून लोक नापास झाले, डॉक्टर झाले. एक जण तर झोपेतच पदवीधर झाला. कर्कटकाने माझ्यावर बदाम कोरले गेले. एकाच मुलीचं नाव तीन वेगवेगळ्या बदामांत आहे आणि तिला एकाचाही पत्ता नाही. मी कुणाला बोललो नाही.

मला जपलं ते सुतारकाकांनी. दरवर्षी सुट्टी लागली की ते एकेका बाकाला उलटा करून त्याच्या पायांना हात लावून बघायचे. सैल सांधा ठोकायचे. कुजकी फळी काढून मोडक्या सामानातली चांगली फळी बसवायचे. माझी पाठ मुळात माझी नाहीच, ती ग्रंथालयातल्या एका कपाटाचं दार आहे. अजून तिला अधूनमधून उघडावंसं वाटतं. एकेचाळीस वर्षांत या कॉलेजने एकही नवा बाक घेतला नाही. त्याबद्दल कुणी सत्कार केला नाही, आम्हीही मागितला नाही.

मग कॉलेजने शाश्वततेची शपथ घेतली आणि समिती नेमली. प्रमुख आमच्याच रसायनशास्त्राच्या मॅडम. बाई मनाने वाईट नाहीत. पण वरून एक फॉर्म आला होता. वर्षभरात पर्यावरणपूरक वस्तू किती घेतल्या? जुन्या किती बदलल्या? जितक्या जास्त, तितके गुण. आम्ही काही घेतलं नव्हतं, काही बदललं नव्हतं, त्यामुळे शून्य. शेजारच्या कॉलेजने दोन वर्षांत तीनदा फर्निचर बदललं होतं. त्यांना सोनेरी पानाचा पुरस्कार.

मॅडम माझ्यावरच बसून फॉर्म भरत होत्या, तेव्हा सुतारकाका आले.

"मॅडम, दुरुस्तीचं कुठे लिहायचं?"

"दुरुस्तीचा रकानाच नाहीये, काका."

"मग मी सव्वीस वर्षं काय केलं?"

मॅडमनी फॉर्म उलटून मागे पाहिलं. तिथे हसऱ्या झाडाचं चित्र होतं. 'इतर उपक्रम'मध्ये टाकते म्हणाल्या, पण ती जागा आधीच घोषवाक्य स्पर्धेने अडवली होती.

नव्या खुर्च्या आल्या. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या, थेट समुद्रापलीकडून, प्रत्येकीला थर्माकोलचा अंगरखा. पहिल्याच महिन्यात नऊ मोडल्या. सुतारकाका पेटी घेऊन गेले आणि तसेच परत आले. त्या खुर्च्यांना खिळा चालत नाही, स्क्रू धरत नाही. मोडली की फेका, फेकली की बदला, बदलली की गुण. थर्माकोल आमच्या शेजारीच पडलाय. त्याला मरण नाही, आणि त्याचा त्याला माज आहे.

यंदा सोनेरी पान आम्हाला मिळालं. समारंभाला खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा आमच्यातले वीस जण उचलून नेले. पाहुणे आमच्यावर बसले, 'कचरामुक्त परिसर' या भाषणाला टाळ्या वाजवल्या, आणि मग आम्हाला परत कचऱ्यात आणून टाकलं.

आम्हाला ठेवून घ्या, असा अर्ज सुतारकाकांनी केला. निकामी वस्तू आवारात दिसल्या तर गुण कापले जातात, असं लेखी उत्तर आलं. काकांना आता दुसरं काम दिलंय. 'झाडे वाचवा' अशा पाट्या ठोकायचं. झाडांवर.

उद्या टेंपो येईल आणि आम्ही वीटभट्टीत जाऊ. त्या धुराचा रकानाही फॉर्ममध्ये नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू हात जोडतात. मला हात नाहीत, आणि असते तरी मी जोडले नसते. माझ्यासाठी हळहळू नका, माझ्यावर निबंध तर मुळीच लिहू नका. मला इथे आपटलं तेव्हा मागच्या डाव्या पायाचा एक स्क्रू पडला. दोन इंची. तो बसवायला दोन मिनिटं लागतात.

टेंपो नऊला येतो.