मंथरेची पाठ

"तुला पाठीला गाठोडं बांधायची बी गरज न्हाई," दत्तराव बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

शिवकन्या नुकत्याच व्यालेल्या मेंढीला कोकरू लावत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तशीही ती फारशी वर होत नसे. पाठीवरचं कुबड खांद्यांच्याही वर आलेलं.

रामनवमीला गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर देखावे निघतात. रामावर फुलं टाकायची आणि मंथरेवर सरकी, हा गावचा रिवाज. दरवर्षी गावातला एक बाप्या लुगडं नेसून, पाठीला गाठोडं बांधून मंथरा व्हायचा आणि हसत हसत सरकीचा मार खायचा. यंदा तो कामाला पुण्याला गेला. राम मात्र कधी कमी पडला नाही, कारण तो कायम दिनकररावांच्या घरातला. एवढी मोठी जमीन असल्यावर देवही घरचाच असायचा. त्याच दिनकररावांनी यंदा निरोप धाडला होता, शिवकन्या मंथरा होत असेल तर राम दत्तरावच्या घरचा.

"अक्का, आपल्या बबलूला राम मिळायलाय," दत्तराव म्हणाला. "मेंढरं राखणाराच्या घरात राम कवा आला होता का? तू नुसती हुबी ऱ्हा. माईकवर दोन शब्द बोल. भरताला गादी, रामाला वनवास. झालं."

"ही मंथरा ल्हान असताना कशी होती रं?"

"ते कुठं पोथीत हाय? जल्मापासूनच तसली असंल."

जन्मापासून. बहिणीबद्दल तो गावाला, सोयऱ्यांना, अगदी स्वतःच्या बायकोलाही हेच सांगत आला होता.

दत्तराव तान्हा असताना त्यांची मेंढरं जिंतूरच्या डोंगराकडं निघाली होती. घोड्यावर संसार आणि कोकरं, शिवकन्येच्या पाठीवर भाऊ. नाल्यात तिचा पाय सटकला. पडता पडता तिनं पोराला पोटाशी ओढलं आणि दगडावर पाठ दिली. पोराला ओरखडासुद्धा आला नाही. मेंढरू कमरेत मोडलं की त्याला डाग देतात. आई मनकर्णाबाईला दुसरं औषध ठाऊक नव्हतं, तिनं विळा तापवून लेकीलाही डाग दिला. आतलं हाड वाकायचं ते वाकतच गेलं. डाग वाळायच्या आत भाऊ पुन्हा पाठीवर आला, कारण घोड्यावर जागा नव्हती. पुढं तिला कुणी बघायला आलं नाही. भावाची पोरंही तिच्याच पाठीवर वाढली, बबलूसुद्धा.

"होते मंथरा," शिवकन्या म्हणाली.

मिरवणूक पारापाशी आली. पुढच्या ट्रॉलीवर मुकुट घातलेला बबलू. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मागच्या ट्रॉलीवर फाटक्या लुगड्यात शिवकन्या. सरकी अंगावर सडसडत होती आणि पोरीबाळी फिदीफिदी हसत होत्या. दिनकररावांनी तिच्या हातात माईक दिला.

"मी मंथरा," ती म्हणाली. "जल्मले तवा मी सरळ होते. कैकयी ल्हान होती तवा माझ्याच पाठीवर ऱ्हायची. माझी पाठ मोडली तरी तिला कुनी खाली उतरवलं न्हाई. ती रानी झाली. अन् लोक मला म्हनायले, हिचं मनच वाकडं. मी म्हनलं, आसू द्या वाकडं."

लोकांना वाटलं यंदा नवीन गंमत आहे. कुणीतरी शिट्टी मारली.

"वनवासाचं बोला, बाई," दिनकरराव म्हणाले.

एकटा दत्तराव हसला नाही. फुलांच्या टोपलीत घातलेला त्याचा हात तसाच राहिला. शिवकन्येला वाटलं, आता हा पुढं येईल आणि निदान थांबा तरी म्हणेल. दत्तराव डीजेवाल्याकडं वळला आणि म्हणाला, "वाजव."

गाणं सुरू झालं आणि सरकी आणखी जोरात येऊ लागली.

दिवस मावळताना तो पेढा घेऊन मेंढरांच्या वाड्यात आला. "बबलू लय शोभला. दिनकरराव म्हनायले, फुडच्या साली बी राम तुमचाच."

"अन् मंथरा?"

त्यानं पेढा तिच्यापुढं धरला. मग म्हणाला, "तुला ते समद्यांम्होरं बोलायची काय गरज होती? मला काय आठवतंय का त्यातलं? मी तान्हा होतो."

"तुला कशाला आठवंल? पाठ माझी हाय." तिनं पेढा घेतला नाही. "चोळीत सरकी गेलीया. डागाच्या खड्ड्यात रुतायलीय. माझा हात पुरंना. तेवढी काढ."

दत्तराव जवळ आला. त्यानं हात पुढं केला. ज्या पाठीवर तो वाढला, तिच्यावरून उतरल्यापासून त्यानं तिला कधी हात लावला नव्हता. त्यानं हात मागं घेतला.

"साधना," त्यानं घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "जरा अक्काकडं बघ गं." आणि तो निघून गेला.

साधना मुकुटातल्या बबलूचे फोटो काढण्यात गुंतली होती. ती आली नाही.

शिवकन्येनं थोडी वाट पाहिली. मग खाज सुटल्यावर मेंढरं घासतात तशी वाड्याच्या खांबाला पाठ लावून ती घासू लागली. सरकी एकेक करून खाली पडली. व्यालेली मेंढी पुढं आली आणि तिच्या पायापाशी पडलेली सरकी खाऊ लागली.