सहा रुपयांची हजेरीवही

सॅन्टन जाऊन महिना झाल्याची मिस्सा चर्चमध्ये झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीनने त्याच्या तिन्ही ठिकाणच्या वह्या फडक्यात बांधल्या आणि नवऱ्याचं काम स्वतःसाठी मागायला ती बाहेर पडली.

काम तिला परकं नव्हतं. सॅन्टन माणिकपुरात आणि आसपास तीन लहान धंद्यांची हजेरी आणि पगार सांभाळायचा. नायगावच्या खाडीवरचं शरदचंद्र चौधरींचं मिठागर, माणिकपूरची जगन्नाथ राऊतांची भातगिरणी आणि फेबियनची बेकरी. सरकारने पगाराच्या वह्या सक्तीच्या केल्या तेव्हा या मालकांची पंचाईत झाली होती. पूर्णवेळ कारकून ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती आणि स्वतः लिहायला बसण्याची सवयही नव्हती. सॅन्टनने तिघांचं काम अंगावर घेतलं. पण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरल्यासारखं. क्लेमेंटीन नन्सच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा चार वर्षं तो सांगायचा आणि ती लिहायची. मिठागरावरची तेवीस नावं तिला प्रार्थनेसारखी पाठ होती. रखमाबाई काशिनाथ, यशोदा पांडू, असं करत खालपर्यंत. त्यातला एकही चेहरा तिने पाहिलेला नव्हता.

नाताळच्या दहा दिवस आधी सॅन्टनला ताप भरला आणि आठवड्यात तो गेला. मागे दोन मुली आणि नुकतंच नव्या कौलांनी शाकारलेलं घर.

फेबियन तिला पाहताच उठून उभा राहिला. त्याच्याकडे पाच माणसं, पगार तो स्वतःच्या हाताने वाटायचा, वही फक्त लिहून हवी असायची. त्याचे चार रुपये. त्याने लगेच हो म्हटलं. जगन्नाथशेठनी थोडे आढेवेढे घेतले आणि पाच रुपयांवर होकार दिला. शरदचंद्र चौधरी आपल्या पानवेलीच्या वाडीत उभे होते. बाईमाणूस मिठागरावर पैसे घेऊन जाणार, याचा त्यांनी जरा विचार केला. मग सॅन्टनला सहा देत होतो, तेच तुम्हाला, म्हणाले.

सहा, पाच आणि चार मिळून पंधरा. परत येताना क्लेमेंटीन हिशोब करत होती आणि तो जमत नव्हता. सॅन्टन हंगामात महिन्याला पन्नास रुपये घरी आणायचा. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही. कुठे आणखी एखादी वही लिहीत असेल, अशी तिने समजूत करून घेतली आणि पुढे चालत राहिली.

पहिल्या शनिवारी ती मिठागरावर गेली. बांधावर मिठाचे ढीग रचलेले, आणि एका टोकाला झावळ्यांची खोपी, तिच्यात एक टेबल. बायका डोक्यावरची टोपली उतरवून एकेक करून आत येत होत्या. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, टाचांना भेगा. पहिली आली ती रखमाबाई. वाळकी, उंच, पन्नाशीची. क्लेमेंटीनने नाव वाचलं, सहा दिवसांचे सहा रुपये मोजून दिले, शाईची गादी पुढे केली. रखमाबाईने अंगठा उठवला, पैसे ओच्याला बांधले आणि चार आण्यांची एक पावली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून ती बाजूला झाली.

मग यशोदा. तिनेही पावली ठेवली. तिच्यामागून आलेलीनेही ठेवली.

सातव्या-आठव्या पावलीला क्लेमेंटीनचे डोळे भरून आले. उन्हात मीठ वाहणाऱ्या या बायकांनी सॅन्टनसाठी वर्गणी काढली होती, असं तिला वाटलं. गावातल्या नातेवाइकांनीसुद्धा एवढं केलं नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती, नाव वाचत होती, आणि प्रत्येकीला देव तुमचं भलं करो म्हणत होती. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. एकदोघींनी तोंडावर पदर धरला.

तेविसावा अंगठा उठला तेव्हा रखमाबाई पुन्हा आत आली. बाकीच्या बाहेर थांबल्या होत्या.

"बाय, तू रडतंस कशाला?" ती म्हणाली. "हा सॅन्टनभावचा वाटा हाय. दर शनवारचा. आता तो नाय, म्हनून तुला."

क्लेमेंटीनला आधी नीट कळलंच नाही. रखमाबाईने न चिडता, सावकाश सांगितलं. वहीवर सहा रुपये, हातात सहा रुपये, आणि त्यातली पावली टेबलावर. नाही ठेवली तर पुढच्या आठवड्यात एक दिवस गैरहजेरी लागते. गिरणीवर पण तसंच असतं, तिथे आपली जाऊ काम करते, म्हणाली. एवढं सांगून ती टोपली उचलून निघून गेली.

पाच रुपये बारा आणे रुमालात बांधून क्लेमेंटीन घरी आली. रात्रभर तिला ते तेवीस अंगठे आणि गिरणीवरचे बारा डोक्यातून काढता येईनात. चार शनिवारांच्या चार पावल्या, म्हणजे माणशी रुपया. मिठागराचे महिन्याला तेवीस रुपये. गिरणीचे बारा. पंधरा आणि पस्तीस. पन्नासचा हिशोब आता बरोबर जमत होता. नवी कौलं त्यातली होती, मुलींचे शाळेचे कपडे त्यातले होते, सॅन्टनच्या शवपेटीचे पैसेही त्यातलेच असणार. आणि दर आठवड्याला पूर्ण सहा रुपये दिल्याचं तिने स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर ती थेट शरदचंद्रांच्या वाडीत गेली. तिला वाटलं होतं, ते चकित होतील. ते चकित झाले नाहीत. त्यांनी तिला ओटीवर बसायला सांगितलं, आतून पाणी मागवलं, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"क्लेमेंटीनबाई, ठाण्याला असा कारकून साठ रुपये घेतो," ते म्हणाले. "सॅन्टनने माझ्याकडे तीस मागितले होते. मी म्हटलं, मिठाला भाव नाही, मला परवडत नाही. तो म्हणाला, मग सहा द्या आणि शनिवारी खोपीत येऊ नका. मी नाही गेलो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणूनच सहा रुपये ठरले."

शरदचंद्र दुष्ट माणूस नव्हते. सॅन्टनच्या आजारात त्यांनी डॉक्टरसाठी टांगा पाठवला होता. पण मिठागराचं गणित त्यांनी एकदा सोडवून टाकलं होतं, आणि ते पुन्हा मांडायची त्यांची तयारी नव्हती. क्लेमेंटीन म्हणाली, मला तीस द्या, बायकांकडून मी काही घेणार नाही. ते म्हणाले, विचार करतो. महिनाभर बघू.

पुढच्या शनिवारी तिने पावल्या परत केल्या. बायकांनी त्या घेतल्या, पण कुणी आनंदाने घेतल्या नाहीत. यशोदाला वाटलं, बाईला आठ आणे हवे असतील. नको म्हणणाऱ्या माणसाची त्यांना सवय नव्हती. रखमाबाई तेवढी एकदा तिच्याकडे बघून गेली.

जगन्नाथशेठकडे ती वीस रुपये मागायला गेली. त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी सांगितलं की भाचा मॅट्रिकला बसलाय, वही तोच लिहील, फुकटात. पाच रुपयेही गेले. महिना संपला तेव्हा शरदचंद्रांनी निरोप पाठवला की विरारचा शंकर नावाचा माणूस सहा रुपयांत तयार आहे, वह्या त्याच्याकडे पोचवाव्यात. क्लेमेंटीनने त्या फडक्यात बांधून पाठवून दिल्या.

फेबियनने आपण होऊन चाराचे सहा केले. संध्याकाळी उरलेले पाव तो मुलींच्या हाती द्यायचा. तेवढ्यावर तीन माणसं जगत नाहीत. आधी सॅन्टनची सायकल गेली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग तिच्या लग्नातल्या बांगड्या. थोरल्या मुलीची दोन महिन्यांची फी थकली आणि सिस्टरनी चिठ्ठी पाठवली. क्लेमेंटीनने ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून ठेवली, आणि मुलीला दुसऱ्या दिवशी घरी ठेवून घेतलं.

त्याच आठवड्यात रखमाबाई आली. नायगावहून उन्हातून चालत आली होती. ओटीच्या पायरीवर बसली, वर यायला तयार होईना. पाणी प्यायली, मग बोलू लागली. शंकर आठ आणे घेत होता. सूर्य वर आल्यावर कुणी पोचली तर अर्धा दिवस कापत होता, आणि तो कापलेला अर्धा दिवस वहीवर मात्र पूर्ण दिसत होता. यशोदाला पोटात सात महिने होते, ती दोनदा खाली बसली तर तिचा अख्खा दिवस गेला.

"तू चांगली वागलंस, बाय," रखमाबाई म्हणाली. "पन तुझ्या चांगुलपनाचं आमाला आठ आने पडतात."



बायकांनी आपसात ठरवलं होतं. शेजारच्या मिठागरावर माणसं हवी होती. शंकर राहिला तर सगळ्याजणी भर हंगामात तिकडे जातील, असं बायका चौधरीशेठना सांगणार होत्या. क्लेमेंटीनने परत यायचं. चार आणे घ्यायचे, पूर्वीसारखे. दिवस मात्र खरे लावायचे. एवढंच मागणं होतं.

क्लेमेंटीनने विचारलं, मीच कशाला, दुसरा कुणी बघा. रखमाबाई म्हणाली, दुसरा कोन येतो सहा रुपयांत? आला तर तो खानारच. तू निदान लाजतंस.

आत स्वयंपाकघरात थोरली मुलगी भांडी घासत होती. शाळेच्या वेळेला. क्लेमेंटीन बराच वेळ तो आवाज ऐकत बसली. रखमाबाई घाई करत नव्हती. ऊन पायरीवरून खाली उतरलं तेव्हा क्लेमेंटीनने विचारलं, यशोदा बाळंत झाली की तिचं नाव वहीवर राहील असं शेठ कबूल करतील का. रखमाबाई म्हणाली, ते नाय करनार. मग क्लेमेंटीन बरं म्हणाली.

शरदचंद्रांनी तिला परत घेतलं. तीस रुपयांची गोष्ट पुन्हा काढायची नाही, एवढीच त्यांची अट होती. तिने काढली नाही. शनिवारी ती खोपीत बसली. नाव वाचायची, सहा रुपये मोजायची, अंगठा घ्यायची. पावली टेबलावर पडायची तेव्हा ती पुढचं नाव वाचत असायची. दिवस ती खरे लावायची, कुणाचा पाव दिवससुद्धा बुडू द्यायची नाही. यशोदाला मुलगी झाली. तिचं नाव वहीतून गेलं, आणि पुढच्या हंगामात सगळ्यांच्या शेवटी पुन्हा चढलं.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात ती कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेली. जाळीपलीकडून फादरनी ऐकून घेतलं आणि विचारलं की घेतलेलं परत करणार का. ती म्हणाली, करता येणार नाही, फादर. त्यांनी विचारलं, निदान यापुढे थांबवणार का. तिने हो म्हटलं नाही. ते म्हणाले, मग मी तुला क्षमा कशी देऊ, बाळ? आवाजात राग नव्हता. ती उठून बाहेर आली. क्षमेशिवाय कम्युनियनचा प्रसाद घेता येत नाही. त्यानंतर तो घ्यायला सगळं बाक उठायचं तेव्हा ती गुडघे एका बाजूला वळवून लोकांना वाट द्यायची आणि जागेवर बसून राहायची. माणिकपुरात असं दिसतं आणि बोललंही जातं. विधवेचं काय असेल ते असेल, असं लोक बोलले. धाकटीने एकदा विचारलं, तेव्हा पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पुढे ती विचारायची थांबली.

चार वर्षं अशी गेली. थोरली मॅट्रिक होऊन शिक्षिकेच्या शिक्षणाला लागली. वसतिगृहाचे पैसे दर महिन्याला भरायचे होते.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये सरकारने आणे बंद केले. नवे पैसे आले, शंभराचा रुपया. गावभर घोळ चालला होता, फेबियनच्या दुकानात पावाच्या किमतीवरून रोज भांडणं. मिठागरावरही पहिल्या शनिवारी बायका खोपीबाहेर घोळक्याने उभ्या होत्या. त्यांनी रखमाबाईला पुढे केलं. ती आता वाकली होती, डोक्यावर टोपली न घेता नुसतं मीठ ओढायची.

क्लेमेंटीनने आदल्या दिवशी घरी सगळं ठरवलं होतं. वीस पैसे म्हणायचं. पाच पैसे सोडायचे. तेवीस जणींचे मिळून आठवड्याला एक रुपया पंधरा पैसे कमी होणार होते, ते तिने कागदावर मांडून पाहिलं होतं. कुठून तरी भागवता आलं असतं.

रखमाबाईने अंगठा उठवला, पैसे ओच्याला बांधले आणि विचारलं, "आता किती ठेवायचे, बाय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिला कधी सांगावं लागलं नव्हतं. बाहेरच्या बायका आत बघत होत्या. क्लेमेंटीनने वहीतल्या नावाकडे पाहिलं. वसतिगृहाची चिठ्ठी कालच आली होती.

"पंचवीस," ती म्हणाली.

रखमाबाईने मान हलवली. ओचा सोडून तिने नवी नाणी हातावर घेतली, डोळ्यांजवळ नेऊन आकडे पाहिले, आणि ती बरोबर आहेत ना, असं क्लेमेंटीनलाच विचारलं. क्लेमेंटीनने तिला मोजून दाखवली. मग यशोदाचं नाव वाचलं.