विद्यार्थी : निरंक

सव्वासहाच्या गाडीत चढवायला हिलाल आबांनी सदतीस माणसं रांगेत उभी केली होती आणि त्यातल्या एकालाही कुठं जायचं नव्हतं. बन्सीलाल तर तोंडात ब्रश धरूनच आला होता, काखेत रिकामी पिशवी. धुरपदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि परत कधी यायचं, असं भेटेल त्याला विचारत होत्या.

कामिनीनं कपाळाला हात लावला. ती वडपाटची ग्रामसेविका. धुळ्याहून अंधारात स्कूटी दामटत आली होती, कारण आज मोजणी होती. एसटीच्या डेपोनं कळवलं होतं की रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या बंद करायच्या आहेत, पण कुठल्या, ते ग्रामपंचायतींना सोबत घेऊन ठरवू. आमचा माणूस एक दिवस येईल, प्रवासी मोजेल, तक्त्याखाली तुमची सही घेईल. वडपाटची सकाळची गाडी बंद झाली तर सोनगीर फाट्यापर्यंत सात किलोमीटर पायपीट. आणि ही पायपीट करायची कुणी? धुळ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या चौदा पोरींनी. या गाडीला रोजचं गिऱ्हाईक होतं ते एवढंच.

त्या चौदाजणी आज गाडीजवळ नव्हत्या. गणवेश घालून, दप्तरं पाठीला लावून पलीकडे शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आबा, पोरी तिकडे का?"

"त्यासले आज सुट्टी दिधी." सरपंच हिलाल आबा खुशीत होते. "त्यांचे पास फुकटचे, मॅडम. फुकटवाले भारमानात धरत नाहीत. त्यांनी जागा अडवली तर तिकिटवाले बसतील कुठं?"

भारमान म्हणजे गाडीच्या किती जागा भरतात, त्याचं गणित. कामिनीनं ते परिपत्रक तीनदा वाचलं होतं.

"अहो, पास धरतात आबा! स्पष्ट लिहिलंय. त्या पोरींसाठीच तर चाललंय ना हे सगळं?"

"मॅडम, तुम्ही कागद वाचा. माणसं मी वाचतो."

तेवढ्यात भिंतीकडून दीपमाला आली. बारावी सायन्सची पोरगी, वर्गात पहिल्या तिनात.

"आबा, आज माझं प्रॅक्टिकल शे."

"एक दिनमा काय आभाळ कोसळस? गाडीच नही राहिनी तर प्रॅक्टिकल काय बैलगाडीवर जाईसन करशी? जाय, घर जाय."

ती क्षणभर थांबली. मग गेली. आबांपुढं गावात कुणी थांबत नसे.

गाडी आली. पुढच्या बाकावर डेपोचे वाहतूक निरीक्षक जितेंद्र पाटील मांडीवर तक्ता घेऊन बसले होते. सदतीस माणसं आत घुसली, खिडकीच्या जागेवरून दोघांची जुंपलीसुद्धा. पाटील एकेकाला विचारत होते, कुठं चाललात, कशासाठी, रोज जाता का. आणि वडपाटकर ठोकून देत होते. बाजार. दवाखाना. कोर्टाची तारीख. बन्सीलालनं ब्रश बाहेर काढून "दवाखाना" म्हटलं, ते तरी पटण्यासारखं होतं. धुरपदाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आबानी सांगं बस, म्हनीसन बसनू." आबांनी खालून डोळे वटारले. त्यांच्याही नावापुढं दवाखाना लागला.

"शाळा-कॉलेजचं कुणी नाही?" पाटलांनी कामिनीला विचारलं.

पोरी अजून दिसत होत्या. पाठमोऱ्या, गल्लीत वळत होत्या. बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण मग सदतीस खोट्यांचा पंचनामा झाला असता आणि रागाच्या भरात या माणसानं फेरीवर फुलीच मारली असती. सरपंच समोर उभा. कामिनीनं मान हलवली, ती हो होती की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. पाटलांनी तक्ता पुढं केला. तिनं सही केली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आबांनी पेढे आधीच मागवून ठेवले होते. ग्रामपंचायतीत अख्खा गाव लोटला. कामिनी मोठ्यानं वाचायला लागली.

"वडपाट फेरी कायम ठेवण्यात येत आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी आबांच्या गळ्यात हार घातला. कामिनीनं पुढची ओळ मनात वाचली आणि कागद खाली घेतला.

"वाचा ना मॅडम," आबा म्हणाले.

"प्रवासी प्रामुख्याने बाजार, दवाखाना व न्यायालयीन कामासाठी जाणारे आहेत. विद्यार्थी, निरंक. सबब प्रवाशांच्या सोयीसाठी फेरीची वेळ सकाळी सव्वासहाऐवजी पावणेदहा करण्यात येत आहे. सकाळची गाडी अधिक विद्यार्थी असलेल्या गावास देण्यात येईल."

कॉलेज साडेसातला भरत होतं. साडेबाराला सुटत होतं.

पेढ्यांचा डबा अर्धाच फिरला होता, तिथंच थांबला. "सव्वासहा काय अन् पावणेदहा काय, गाडी तर राहिली," असं बन्सीलाल म्हणाला, पण त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

कामिनीनं तिथूनच पाटलांना फोन लावला.

"मॅडम, माझ्यावर कशाला चिडता?" पाटील म्हणाले. "सकाळच्या गाड्या मोजक्या. जिथं पोरी, तिथं सकाळची गाडी, साधा नियम आहे. तुमच्या गावात मला एक पोरगी दिसली नाही. खाली सही तुमची."

"चौदा आहेत हो! चौदा!"

"मग त्या दिवशी कुठं होत्या?"

कामिनीनं खिडकीतून शाळेच्या भिंतीकडं पाहिलं.

"एकच मार्ग आहे. त्या दिवशीची मोजणी खरी नव्हती, असं सरपंचांनी लेखी द्यावं. आठवड्यात पुन्हा मोजतो. नाहीतर पुढची मोजणी थेट जूनमध्ये."

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती.

तिनं त्याच दुपारी पत्र टाईप करून आबांपुढं ठेवलं. आबांनी ते लांब धरून वाचलं आणि घडी करून परत दिलं.

"पंचवीस वर्षांत माझं चुकलं म्हणून मी कुणाला लिहून दिलेलं नाही. सगळ्या तालुक्यात हसं करता का माझं?"

"आणि पोरींचं काय करायचं?"

"बघू. आमदारांच्या कानावर घालतो."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पत्र ठेवलं. आबा म्हणाले, घाई नको. तिसऱ्या दिवशी ते शेतात गेले होते. चौथ्या दिवशी लग्नाला. माणूस आहे की दगड! कामिनीनं फाईल टेबलावर अशी आपटली की शिपाई चहा घेऊन दारातूनच मागं फिरला. संताप आबांवर होता, पण सगळा काही आबांवर नव्हता. त्या तक्त्यावरची सही तिच्या वळणदार अक्षरातली होती.

पाचव्या दिवशी आबा ऑफिसात सापडले आणि त्याच वेळी दीपमाला आली. हातात बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म होता.

"मॅडम, रहिवासी दाखला पाहिजे. पप्पा म्हणता, सायन्स सोड, बाहेरून आर्ट्स भर. रोज सात किलोमीटर अंधारात नाही धाडणार."

कामिनीनं दाखल्याचं पुस्तक काढलं, पण पेन उघडेना. आबा पेपरात डोकं घालून बसले होते.

"आबा," दीपमाला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिनले मी तुमचं ऐकं."

एवढंच बोलली आणि दाखला न घेताच निघून गेली. आबांनी पेपरचं पान उलटलं. मग तेच पान पुन्हा उलटलं.

सोमवारी पावणेदहाची पहिली गाडी आली. हार आणला होता, नारळ आणला होता. फोटोसाठी माणसंही बरीच जमली होती. आबांनी नारळ फोडला, ड्रायव्हरला खोबरं दिलं. पोरीही आल्या होत्या, गणवेशात, दप्तरांसकट. साडेसातचं कॉलेज गाठायला पावणेदहाच्या गाडीजवळ कशाला आल्या होत्या, त्यांनाच ठाऊक. शाळेच्या भिंतीपाशी रांगेनं उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

"चला, बसा!" कंडक्टर ओरडला.

कुणी हललं नाही.

"अहो, चला ना. सदतीस जण आहेत म्हणे तुमचे."

आबांनी बन्सीलालकडं पाहिलं.

"माले कोठे जानं शे?" बन्सीलाल म्हणाला. "मना दात बरा शे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी धुरपदाबाईंकडं पाहिलं, तर त्या पदर सावरून घराकडं वळल्या होत्या. गाडीत एक माणूस नाही. कंडक्टरनं घड्याळ पाहिलं आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांब," आबा म्हणाले.

त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि दांडा धरून कष्टानं दोन पायऱ्या चढले. पुढच्या बाकावर बसले. सगळं गाव खालून बघत होतं.

"आबा, कुठलं देऊ?"

"डेपोचं." त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, ते पत्र शे का तुमच्याजवळ? शिक्का घ्या अन् बसा लवकर."

कामिनी ऑफिसकडं पळाली. चपलेचा अंगठा तुटला तरी थांबली नाही. ती परत येऊन चढेपर्यंत आबांनी भिंतीकडं हात केला होता.

"दीपा, तू बी ये."

दीपमाला जागची हलली नाही. मग दप्तर सावरत आली आणि चढली. कंडक्टरनं मशीन आबांपुढं धरलं.

आबांनी ते हातानं बाजूला सारलं.

"मनं तिकीट मागाहून दे," ते म्हणाले. "पहिले हिनी नोंद कर. विद्यार्थी, एक."