निम्मं चार्जिंग

माझ्या आईला ‘नाही’ म्हणता येत नाही. दारात गालिचे धुऊन देणारा आला तरी ती त्याला आत घेते, चहा पाजते, बिस्किटं देते आणि मी बस चालवायची पाळी संपवून आले की हळूच सांगते, “गेनर, तू त्याला जरा नको म्हण ना.” बाबाची तऱ्हा दुसरी. त्याला मागता येत नाही. चहात साखर घालायची राहिली तर हा माणूस तसाच पिऊन टाकेल आणि वर “छान झालाय” म्हणेल. अशा दोघांनी पन्नासेक वर्षं संसार केला आणि एकदाही आवाज चढला नाही म्हणून अख्ख्या गल्लीला त्यांचं कोण कौतुक! मला मात्र कैकदा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली आहेत. मी कुणावर गेले देव जाणे.

बाबाचं नाव क्लाइव्ह, आईचं नोरीन. इंग्लंडात अ‍ॅक्रिंग्टनमध्ये बाबाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात बसून त्याने आयुष्यभर सिगारेटी फुंकल्या आणि फुप्फुसांची पार वाट लावून घेतली. शेवटी व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, हातात आलं तेव्हा कुठे खरी सिगारेट सुटली. पण तोवर उशीर झाला होता. गेल्या हिवाळ्यात त्याला जिना चढवेना, म्हणून त्याचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन येऊन बसलं. दिवसभर त्याची घरघर, आणि बाबाच्या नाकात नळी.

मशीन लावायला इमेल्डा आली, ऑक्सिजनवाली नर्स. बाई गोड, पण कामाला चोख. तिने बाबाला समोर बसवून सांगितलं, “क्लाइव्ह, हे व्हेप बंद करा. अजिबात बंद. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण कपड्यांत, पांघरुणात मुरतो. मग एक ठिणगी पुरते. व्हेप ओढणं तर नाहीच, चार्जिंगलासुद्धा या घरात लावायचं नाही.”

बाबाने मान डोलावली. आईने मान डोलावली. इमेल्डा गेली. मग बाबा खिडकीकडे बघत म्हणाला, “बरोबर आहे तिचं.” त्याच्या चेहऱ्याकडे बघून आईला राहवलं नाही. तिने मधला रस्ता काढला. मशीन बंद करायचं, नळी काढायची, बाबाने कोट घालून मागच्या अंगणात जाऊन बसायचं. अर्धा तास नुसतं वारा खात, कपड्यांतला ऑक्सिजन निघून जाईपर्यंत. मग झुरके. आणि चार्जिंग करायचं बोळापलीकडे लेनीच्या घरी, त्याच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर.

लेनी म्हणजे बाबाचा शाळेपासूनचा दोस्त. आई डबीत व्हेप घेऊन दारात उभी राहिली की तो हाक मारायचा, “आलं का क्लाइव्हचं बाळ दूध प्यायला?” आई लाजायची. पण जायची. गुडघा दुखतोय, बोळात बर्फ आहे, तरी जायची. कारण बाबा आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मागायला शिकला होता. “नोरीन, जरा लेनीकडे जाऊन येतेस का?”

मला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. पण बाबा अंगणात बसून धूर सोडायचा तेव्हा तो पूर्वीचा बाबा दिसायचा. मग मीही गप्प बसले.

इस्टर झाल्यावर आई म्हणायला लागली, “बॅटरी म्हातारी झाली गं. आमच्यासारखीच. भरते न भरते तोच संपते.” बाबा अंगणात जाऊन अर्धा तास कुडकुडत बसायचा आणि पाच-सात झुरक्यांत दिवा लाल व्हायचा.  नुसता त्या दिव्याकडे बघत बसायचा आणि मग आत यायचा. मला ते बघवेना. तसं ते व्हेप जुनंच होतं, दोनदा पडून कोपऱ्यात चेपलं होतं. पगार झाल्यावर मी बाजारातल्या दुकानात गेले आणि नवंकोरं घेतलं.

दुकानातली कर्स्टी गुलाबी केसांची, बोलायला फटकळ. तिने मला उभं करून शिकवलं. “फोनचा जोरकस चार्जर लावायचा नाही, साधाच लावायचा. गादीवर, सोफ्यावर ठेवायचं नाही. लावून झोपायचं नाही. पार रिकामी होऊ द्यायची नाही. पिनच्या भोकात खिशातली भुसकटं जातात, ती कोरड्या कापडाने पुसायची. आणि जुनं आणून इथल्या डब्यात टाक, कचऱ्यात नको. चेपलेल्या बॅटरीचा भरवसा नसतो.”

मी घरी येऊन हे सगळं तसंच्या तसं आईला सांगितलं. आईने मन लावून ऐकलं. जुनं कुठंय विचारलं तर बाबा म्हणाला, “लेनीजवळ दिलंय. तो बाजारात जाणारच आहे, टाकेल डब्यात.” मला काय माहीत, बाबा खोटं बोलतो! आजवर कधी बोलला नव्हता.

दोन आठवडे गेले नाहीत तोच आईचं पुन्हा तेच. “हीसुद्धा टिकत नाही गं, काय बाई हल्लीच्या वस्तू.” माझं डोकंच फिरलं. एका मंगळवारी दुपारी पाळी संपल्यावर मी ते नवं व्हेप उचललं आणि तडक कर्स्टीच्या दुकानात गेले. दुकानात चार माणसं होती. त्यांच्यादेखत मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, आजारी माणसाला फसवताना लाज वाटत नाही का? कर्स्टीने शांतपणे व्हेप घेतलं, काउंटरवर चार्जिंगला लावलं आणि म्हणाली, “बस. ओरडून झालं असेल तर पाणी पी.”

मी तासभर तिथे बसून राहिले, फुगलेलं तोंड घेऊन. दिवा हिरवा झाला. मग तिने स्वतः चाचणी घेतली, आकडे दाखवले, माझ्यासमोर झुरक्यावर झुरके घेतले. दिवा ढिम्म हिरवाच. “हिला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “तुमच्याकडे कुणी पूर्ण भरतच नाहीये. मधेच काढतंय.”

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. आई! दुसरं कोण? लेनीकडे जायचं, थोडा वेळ लावायचं, काढायचं आणि घरी येऊन बॅटरीच्या नावाने बोटं मोडायची. तोंडावर ‘ओढू नकोस’ म्हणता येत नाही, म्हणून ही चोरी. म्हटलं, आज तिला सोडायचं नाही.

मागच्या दाराने आत शिरले. आई बटाटे सोलत होती. “आई,” मी सुरुवात केली आणि थांबले. कसला तरी वास येत होता. तापलेल्या प्लॅस्टिकचा, आणि त्यात काहीतरी गोडसर.

“हा वास कसला गं?”

“कुठे काय? मला सर्दी झालीय,” आई म्हणाली.

“बाबा कुठंय?”

“संडासात गेलाय.”

मी पुढच्या खोलीत धावले. मशीन घरघरत होतं. बाबा नळी तशीच पलंगावर टाकून गेला होता आणि ती पांघरुणावर फुसफुसत होती. उशीखालून एक पांढरी वायर बाहेर आली होती आणि भिंतीतल्या चार्जरला लागली होती. टॅबचा चार्जर, जोरकस. नाताळात मीच दिलेला. मी उशी उचलली. खाली जुनं व्हेप. चेपलेल्या कोपऱ्यातून फुगलेलं, आणि चादरीवर त्याच्याभोवती तपकिरी डाग पडलेला.

 मी आधी मशीन बंद केलं, चार्जर उपटला, मग “आई, बाहेर हो!” असं ओरडत स्वयंपाकघरात जाऊन ओव्हनचा जाड हातमोजा आणला. व्हेप उचललं तर मोज्यातूनसुद्धा चटका बसत होता. कशी धावले, दार कसं उघडलं, आठवत नाही. अंगणाच्या पार टोकाला फेकलं आणि भिंतीला टेकले. ते जरा वेळ नुसतं सुं सुं करत पडलं. मग एकदम फुटलं. पांढरा धूर, मागोमाग हातभर ज्वाळा, आणि बाबा ज्या खुर्चीवर बसायचा तिच्या पायाचं प्लॅस्टिक वितळून खाली आलं.

मागे वळले तर दारात बाबा, भिंतीला धरून, नळीशिवाय धापा टाकत. त्याच्या मागे आई, हातात अजून बटाटे सोलायची सुरी.

मग माझा तोल गेला. “पलंगावर? ऑक्सिजनच्या शेजारी? तुला मरायचं असेल तर मर, पण तिला घेऊन मरणार होतास! ती आत बटाटे सोलत होती तुझ्यासाठी! आणि शेजारच्या घरात लहान पोरं आहेत, कळतं का तुला?” आणखीही बरंच बोलले. बाबा ऐकत राहिला. एका शब्दाने उलटून बोलला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

बोलली ती आई. “त्याला नको बोलूस, गेनर. मीच त्याला निम्मं भरून देत होते.”  “म्हटलं, तेवढेच झुरके कमी. हळूहळू सुटेल. त्याला कळणारही नाही.”

“मला माहीत होतं,” बाबा म्हणाला.

“कसं?” आईने विचारलं.

“टीव्हीवाला आहे गं मी. जुनी बॅटरी बसली, समजू शकतो. नवीही तशीच बसली?” त्याला दम लागला, तो थांबला. “कळलं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तू चोरी करतेस म्हणू? तू एवढा गुडघा ओढत जायचीस माझ्यासाठी.” पुन्हा थांबला. “म्हटलं, तुझं तुझ्याकडे राहू दे. मी माझं त्या जुन्यावर बघतो.”

मी दोघांच्या तोंडाकडे बघत होते. एकाने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही, आणि एवढ्यासाठी हे घर जळणार होतं. कुणाचं मन दुखवायचं नाही म्हणे! असल्या चांगुलपणाला काय करायचंय?

बाबाला आत नेलं, पलंग सबंध झाडून दुसरी चादर घातली, नळी लावली. इमेल्डाला मीच फोन केला. आई “नको, मशीन नेतील” म्हणून माझा हात धरत होती, तरी केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, अंगणातली काळी फरशी बघितली, चादर बघितली आणि खुर्ची ओढून बाबासमोर बसली.

“मला हे वर कळवावं लागेल,” ती म्हणाली. “पुन्हा असं काही दिसलं तर मशीन परत जाईल. ते माझ्या हातात नाही. आणि अंगणातलंही आता चालणार नाही. व्हेप किंवा मशीन. तुम्ही ठरवा, क्लाइव्ह.”

बाबाने आईकडे बघितलं. “तू सांग.”

“मी? मी काय सांगू?”

“तुला काय हवंय ते सांग. माझ्या तोंडावर सांग, नोरीन. एकदा तरी.”

आई हातातलं फडकं पिळत उभी. मी मधे तोंड घालणार तोच इमेल्डाने माझं मनगट धरलं. 

“ओढू नकोस,” आई म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाटलं, ती पुन्हा गिळून टाकणार. पण मग तिने फडकं खाली फेकलं. “नको ओढूस! निम्मंही नको आणि एक झुरकाही नको. मला नाही चालत. तू मेलास तर मी काय करू?”

बाबाने खिशात हात घातला. मी दुकानातून पूर्ण भरून आणलेलं आणि काल गडबडीत ओट्यावर विसरलेलं नवं व्हेप काढून त्याने आईच्या हातावर ठेवलं. “बरं,” म्हणाला. “हे आधी म्हणाली असतीस तर तेव्हाच दिलं असतं.”

आई त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. इमेल्डाने चहा केला. वाटलं, सुटलो एकदाचे.

त्याला आता तीन महिने होत आले. बाबाने शब्द पाळला, पुन्हा नाव काढलं नाही. मशीन आहे, बाबा आहे. इमेल्डा येते, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघते आणि “उत्तम” म्हणते. लेनी संध्याकाळी येऊन बसतो, दोघं फुटबॉल बघतात. फक्त बाबा आता अंगणात जात नाही. तिथे जायला काही कारणच उरलं नाही. पलंगावर असतो, खिडकीकडे तोंड करून. जेवायला दिलं की जेवतो. टीव्ही लावला की बघतो, बंद केला तरी हरकत घेत नाही.

काल मी गेले तर आई स्वयंपाकघरात नुसतीच उभी होती, हात ओट्यावर ठेवून. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, हे ‘काही नाही’ पुरे झालं आता, सरळ बोल.

“सकाळी त्याला विचारलं, चहा हवा? म्हणाला, तुला हवा असेल तर कर. खिडकी उघडू? तुला वाटत असेल तर उघड. जेवायला काय करू? काहीही.” तिने पुढच्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “दिवसातून पाच-पाच वेळा हाक मारायचा, गेनर, लेनीकडे जाऊन येतेस का म्हणून. वैतागायचे मी. तेवढंच एक मागायचा गं तो माझ्याकडे.”