अल्सीद, सोड

गाडीची काच खाली करून रेनेने तीन ओळखपत्रं बाहेर धरली, आणि मागे बसलेल्या अल्सीदने मांडीवरच्या खोक्यावर आपला कोट ओढून घेतला.

"कॅनडात कुणाकडे?" नाक्यावरच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"बाबांच्या आत्याकडे. दोन दिवस," रेने म्हणाली.

"बरोबर काही आहे? दारू, बंदूक, कुणाला द्यायच्या वस्तू?"

अल्सीदने घसा खाकरला. "माझे वडील आहेत."

अधिकाऱ्याने वाकून आत पाहिलं. गाडी चालवणारी मुलगी, शेजारी तिची आई, मागे हा एकटा. मग त्याचं लक्ष कोटाकडे गेलं. त्याने कागद मागितला, त्यावरचं नाव वाचलं: जोसेफ एमिल फूर्निये, वय सत्त्याऐंशी. टोपीला हात लावून त्याने गाडी जाऊ दिली.

"राख आहे म्हणायचं, शहाण्या माणसा," क्लोदेत पुढून म्हणाली. "वडील आहेत काय! चौथं ओळखपत्र मागितलं असतं त्याने."

रेने हसली. अल्सीदही हसला, पण जरा उशिरा.

लुइस्टनच्या घरापासून ही हद्द तीन तासांवर होती. अमेरिकेत आल्यापासून चौसष्ट वर्षांत बापाने ती एकदाही ओलांडली नाही. दर उन्हाळ्यात एकदा तो सगळ्यांना गाडीत घालून हद्दीअलीकडच्या जॅकमनपर्यंत आणायचा. तिथे पेट्रोल भरायचा, डोंगराकडे तोंड करून एक सिगारेट ओढायचा आणि म्हणायचा, "कागद घरीच राहिले." गाडी परत फिरायची. तिसऱ्या वर्षापासून आईने शिदोरी एकाच वेळेची बांधायला सुरुवात केली.

आता उतार लागला. मक्याची शेतं, पत्र्याच्या छपरांचे गोठे, दर दोन-तीन कोसांवर एक चंदेरी कळस. आणि मग रस्त्याच्या डाव्या हाताला नदी आली ती बरोबरच राहिली. अल्सीदने उजवीकडे पाहायला सुरुवात केली.

तो सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बाप कापडगिरणीतली रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. एका दुपारी आतून ओरडणं ऐकू आलं. "अल्सीद, सोड! हात सोड म्हणतो ना!" पोरगा दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. बाप डोळे मिटून घामाने भिजला होता.

घरात दुसरा अल्सीद म्हणजे बुडालेला काका. नदीतून ओंडके हाकताना एकविसाव्या वर्षी गेला. त्याचंच नाव पोराला ठेवलं होतं. रोज संध्याकाळी जपमाळ संपली की बाप म्हणायचा, "आणि नदीतल्या अल्सीदला शांती लाभो." आईने पोराला नुसती हाक मारली, तरी आधी बाप मान वर करायचा.

पोराने या सगळ्याची बेरीज केली. एक भाऊ बुडतोय, दुसऱ्याचा हात धरून; आणि दुसरा तो हात झटकतोय. पन्नास वर्षं तो त्या हातांसमोर बसून जेवला. विचारलं कधीच नाही. मरताना बाप म्हणाला, "मला गावी ने, भावाशेजारी." तेव्हापासून एकच गोष्ट त्याला टोचत होती: ज्याने हात झटकला, त्याला बुडालेल्याच्या शेजारी निजवायचं कसं?

बर्नादेत आत्या पायरीवर उभी होती. शहात्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. माणसांकडे न पाहता तिने खोकं घेतलं आणि चुलीजवळच्या बाकावर ठेवलं.

"गारठला असेल," ती म्हणाली. मग अल्सीदचा चेहरा निरखला. "हे नाक आमचंच. अमेरिकेत जाऊनही कमी नाही झालं."

कॉफी झाली, साखरेचं सारण भरलेली पाई कापून झाली. क्लोदेतने बापाच्या वस्तू काढल्या: जपमाळ, घड्याळ, चष्मा.

"चष्मा? त्याला?" आत्याने विचारलं.

"जन्मभर लावला," क्लोदेत म्हणाली. "आणि गंमत बघा, मागे दुकानात दाखवला तर म्हणाले, साध्या काचा आहेत. नंबरच नाही."

आत्याने तो नाकावर ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. हसायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"एमिलचा एक डोळा अधू होता," ती म्हणाली. "म्हणून लष्कराने त्याला सोडलं होतं. भरतीचं बोलावणं अल्सीदला आलं होतं."

अल्सीदने चमचा खाली ठेवला. "आत्या, त्या दिवशी नदीवर काय झालं?"

"दोघं गेले, एक परत आला. दुसरा अठरा दिवसांनी सापडला. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, कोण गेला? बाबा म्हणाले, जोसेफ. खोटं थोडंच होतं? आमच्यात सगळ्याच मुलांचं बाप्तिस्म्याचं पहिलं नाव जोसेफ. पुढचं ज्याला बोलावणं होतं त्याचं लिहिलं गेलं. आणि जो उरला, तो एमिलचे कागद घेऊन डोंगर ओलांडून गेला."

"म्हणजे आजोबा..." रेने खोक्याकडे बघत थांबली.

"कधी पत्र नाही पाठवलं?" क्लोदेतने विचारलं.

"सही काय केली असती त्याने?"

अल्सीदची मूठ टेबलावर होती. "झोपेत म्हणायचे," तो हळूच म्हणाला, "अल्सीद, सोड. हात सोड."

"इथेही तेवढंच बोलला. चुलीशी बसून, ओल्या कपड्यांत." आत्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "एमिल थोरला होता ना. बुडतानाही हुकूम सोडायची सवय."

अल्सीदची मूठ उघडली. तो आपल्याच बोटांकडे पाहत राहिला.

दुपारी ते दफनभूमीत गेले. दगडावर लिहिलं होतं: जोसेफ अल्सीद फूर्निये, १९२२–१९४३. खाली जागा मोकळी होती. शेजारी गवत कापून एक लहान खड्डा खणून ठेवला होता.

"नाव दुरुस्त करून घ्यायचं का?" रेनेने विचारलं.

"कशाला?" आत्या म्हणाली. "खाली एमिल कोरा. दोघंही आहेतच. कोण कुठल्या बाजूला, ते त्यांचं ते बघतील. एका खाटेवर निजायचे तेव्हाही भांडायचेच."

अल्सीदने गुडघे टेकले. खोकं खड्ड्यात उतरवलं. ते तळाला लागलं तरी त्याचे हात त्यावरून निघेनात. खालून नदीचा आवाज येत होता.

"अल्सीद," आत्या म्हणाली, "सोड आता."

"हो, आत्या," म्हणत त्याने मान वर केली.

ती त्याच्याकडे पाहत नव्हती; तिची नजर खोक्यावर होती.