लेमाईनं शिवलेलं टोपडं

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. एका सेलवर चालणारी, बोटभर लांबीची, खिशात सहज मावणारी. माझा रंग एके काळी निळा होता. आता मी बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधल्या एका लांबघरात, म्हणजे एका लांब छपराखाली सगळी कुटुंबं राहतात अशा घरात, खिळ्याला लटकते आणि माझ्या पोटात सेलही नाही. तरी बोलते आहे, कारण ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ती दोन माणसं कधीच बोलणार नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला रूप दिलं ते लेमाईनं. तिच्या नवऱ्यानं, रेंग्गीनं, मला बाजारातून आणलं तेव्हा मी नुसती गुळगुळीत नळी होते. ओल्या हातातून हमखास सटकायचे. लेमाईनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून माझ्या कमरेला घट्ट बसवली. गळ्यात अडकवायला वेताची वादी विणली. औषधाच्या बाटलीचं पांढरं झाकण तोंडावर बसवलं की मी मंद उजेड द्यायचे, आणि त्या उजेडात ती तांदूळ निवडायची. एवढे लाड झाल्यावर मी थोडी चढेल झाले, हे खरं आहे.

रेंग्गी गुहेत उंच बांबूवर चढून खाण्यासाठी महागात विकली जाणारी पाकोळ्यांची घरटी काढायचा. गुहेत भरदिवसाही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. त्यामुळे तिथल्या प्रत्येकाकडे विजेरी असे आणि कोणता खटका चांगला यावर रोज गुहेच्या तोंडाशी कॉफी पिताना भांडण होई.

"सरकता खटका तो खटका," म्हातारे मांगाई म्हणायचे. "बोटाला कळतो. खिशात आपोआप पेटत नाही."

"आणि गंजला की दगडानं ठोकायचा का, आजोबा?" डुंग्गाट विचारायचा. हा लेमाईचा धाकटा भाऊ. त्याला डोकं पिळून पेटणारी विजेरी आवडे.

"तुझी पिळायला दोन हात लागतात रे गाढवा. मग बांबू काय पायांनी धरशील?"

रेंग्गी नुसता हसायचा. माझं बटण शेपटाला होतं. तो मला दातांत धरायचा आणि ते बटण जिभेनं दाबायचा. दोन्ही हात मोकळे! असं मला वापरणारा त्या गुहेत तो एकटाच होता.

आमच्या गुहेचा एक रिवाज होता. वर चढलेल्याला हाक मारायची नाही. हाकेला ओ द्यायला गेला की त्याचं लक्ष उडतं. म्हणून माझा उजेडच रेंग्गीचं बोलणं होतं. तो बांबूच्या टोकाशी असताना डुंग्गाट खालून बांबूला बांधलेली दोरी धरायचा. उजेड स्थिर असला तर दोरी हळूहळू सैल सोडायची, म्हणजे बांबू पुढच्या कपारीकडे कलतो. उजेड लुकलुकला तर दोरी आवळून धरायची.

मला चावून चावून रेंग्गीच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. लेमाईचा जीव तुटायचा. एके दिवशी तिनं जुन्या चपलेचं रबर आणि ट्यूब एकत्र शिवून माझ्या शेपटाला मऊ, जाड टोपडं केलं. अंगठ्यानं बटण दाबून पाहिलं. मी पेटले. ती खूश झाली.

"दाजी, ताईनं बाळंतविडा केलाय वाटतं!" दुसऱ्या दिवशी डुंग्गाट गुहेत म्हणाला.

"जळतोस कशाला? तुझं लग्न झालं की तुलाही मिळेल," रेंग्गी म्हणाला.

डुंग्गाटनं हसत हसत अंगठ्यानं मला पेटवलं आणि दाजींच्या दातांत दिलं. रेंग्गी चढला.

टोकाशी त्याच्या पायाखालची वेताची गाठ सुटली. त्यानं जीभ बटणाला लावली. रबर जाड होतं, बटण दबेना. त्यानं पुन्हा पुन्हा जोर लावला. त्याची ती धडपड मला कळत होती आणि मी मूर्खासारखी स्थिर जळत होते. खाली डुंग्गाटला वाटलं, दाजींचं सगळं ठीक चाललंय. तो इमानानं दोरी सोडत राहिला. शेवटी रेंग्गीनं ओरडायला तोंड उघडलं, तेव्हा आधी मी पडले. मागोमाग तो.

तो वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. आता लांबघराच्या पडवीत चटईवर पडून असतो. "हात निसटला माझा," एवढंच त्यानं सगळ्यांना सांगितलं. डुंग्गाटला मात्र ते पटलं नाही. आपणच दोरी सोडली, हे त्याच्या मनातून जाईना. तो दूर लाकूडतोडीच्या कामावर निघून गेला.

मग काही महिन्यांनी लेमाई माळ्यावर तांदूळ काढायला चढली. एका हातात टोपली, दुसरा हात शिडीला. वर अंधार होता. तिनं मला दातांत धरलं आणि नवरा करायचा तशी जिभेनं बटण दाबू लागली. मी पेटले नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग ती शिडीवर तशीच थांबली.  टोपली माळ्यावर टेकवून तिनं अंगठ्यानं बटण दाबलं, आणि मी लगेच पेटले.

ती खाली येऊन रेंग्गीच्या उशाशी बसली.

"जिभेनं दबत नाही हे."

"हात निसटला होता, लेमाई."

"खोटं बोलू नको."

त्यानं नजर छपराकडे वळवली. "पत्रा थंड लागायचा दातांना," तो म्हणाला. "तुझं टोपडं मऊ होतं. आता डुंग्गाटला निरोप धाड. दोष दोरीचा नव्हता म्हणावं. बाकी काही सांगू नकोस."

तिनं निरोप धाडला. डुंग्गाट अजून आलेला नाही. माझ्यातला सेल काढून तिनं मला या खिळ्याला टांगलं. टोपडं तिनं काढलं नाही. तिकडे ती बघतही नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझी निगा कोणी कमी राखली नाही. माझं मागणं वेगळं आहे. आपल्या माणसासाठी मायेनं काही कराल, तेव्हा शेवटचा टाका घालण्याआधी ती वस्तू एकदा त्याच्या हाती द्या आणि 'तू कशी वापरतोस, दाखव' म्हणा. लेमाईचं एवढंच विचारायचं राहिलं.