आसगावच्या मंडपाचा मधला पट्टा

मी मंडपाचं कापड बोलतोय. सगळं छत नव्हे, त्यातला फक्त मधला पट्टा. पांढरा, दोन्ही काठांना केशरी झालर. मी आजवर कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला दुखवलं नाही. ज्यानं जिथं बांधलं तिथं बांधून घेतलं आणि खाली बसलेल्यांना सावली दिली. तरी एक गोष्ट मला सांगायची आहे आणि ती सांगताना मला लाज वाटते.

मी कुठल्या गिरणीत विणला गेलो ते मला आठवत नाही. माझी पहिली आठवण सानगडीची. केवळराम नावाच्या मंडपवाल्यानं आमचा तागा आणला आणि त्याची बायको रंभाबाई हिनं ओसरीत मशीन मांडून आम्हाला शिवलं. आम्ही सात पट्टे. माझी झालर शिवताना तिची सुई दोनदा तुटली, म्हणून ती मला हट्टी म्हणायची. सातांत मधला मी. मधला म्हणजे नेमका स्टेजच्या वर येणारा, म्हणून मला थोडा गर्व होता.

केवळरामबरोबर मी पुष्कळ गावं पाहिली. लग्नं, तेरव्या, भीमजयंती, थंडीच्या दिवसांत नाटकं. खालच्या अंगानं मला माणसं दिसतात आणि वरच्या अंगानं आभाळ. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मंडपात बसलेली माणसं वर बघतच नाहीत. ती बघतात की पुढची खुर्ची कुणाला मिळाली, आपलं नाव कितव्या नंबरावर घेतलं. सावली असली की वर कोण आहे याची कुणाला गरज पडत नाही. मला त्याचं वाईट वाटायचं.

पुढे केवळरामला शिडी चढवेना. त्यानं आम्हाला पवनीच्या कैलाशला देऊन टाकलं. कैलाश तरुण आहे, कामाचा पक्का आहे. त्यानं मारलेली गाठ वादळातही सुटत नाही. ही त्याची तारीफ आहे, पण पुढचं ऐकलंत की तुम्हाला कळेल की मला ती आता बोचते.

गेल्या फेब्रुवारीत कैलाशचा टेम्पो आम्हाला घेऊन आसगावच्या शाळेच्या मैदानावर आला. खांब रोवले जात असताना माणसांची जी बोलणी चालली होती, त्यातून मला सगळं समजलं.

हवाईदल आपली काही फार जुनी विमानं जपून ठेवतं आणि अधूनमधून लोकांना दाखवण्यासाठी उडवतं. तशी नागपूरला प्रात्यक्षिकं झाली होती. दुसऱ्या दिवशी तीन विमानं वैनगंगेच्या धारेनं कमी उंचीवरून उडत पवनीकडून पुढे जाणार होती. दोन लहान आणि एक मोठं, दोन इंजिनांचं डाकोटा. आसगाववरून जायची वेळ अकरा वाजून वीस मिनिटं.

एरवी गावानं एवढी तयारी केली नसती. पण आसगावात केशवराव आहेत. वय एक्याऐंशी. तरुणपणी ते हवाईदलात इंजिन फिटर होते आणि डाकोटावरच त्यांचे हात काळे झाले होते. गावाला याचं फार दिवस हसू यायचं. त्यांचे बालमित्र भैय्याजी, धानाचे व्यापारी, चार माणसांत विचारायचे, "केशवा, विमान तू उडवलं का पुसलं?" केशवराव म्हणायचे, "दोन्ही नाही गा. पडू नाही देलं."

त्यांची नेमणूक दूर पूर्वेकडे होती, तिथं कुटुंब नेता येत नसे. बायको तुळसा इथंच राहिली. तिला पत्रं यायची आणि पत्रांच्या कडेला तेलकट बोटांचे ठसे असायचे. सुट्टीवर आले की ते तिला हातवारे करून विमान समजावायचे आणि एक दिवस दाखवीन म्हणायचे. तो दिवस पन्नास वर्षांत आला नव्हता. आता केशवरावांचा डावा डोळा गेला आहे, उजव्यानं बरं दिसतं. तुळसाबाईंचे गुडघे गेले आहेत. विमान गावावरून जाणार हे कळलं तेव्हा केशवराव तीन दिवस नीट जेवले नाहीत, असं त्यांची नात प्रतिक्षा कैलाशला सांगत होती.

आणि भैय्याजींनी ठरवलं की ज्याला आपण जन्मभर चिडवलं त्याचा याच दिवशी सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, तालुक्याहून प्रमुख पाहुणे. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला आधीच सांगायला हवं.

त्या संध्याकाळी केशवराव काठी टेकत मैदानावर आले. खांबांकडे बघितलं, मग कैलाशला जवळ बोलावलं.

"बाबू, मधातलं कापड नको लावू. आभाळ दिसाले पायजे."

कैलाश म्हणाला, "नाही लावत, काकाजी."

त्यानं शब्द पाळला. सहा पट्टे बांधले आणि मला घडी करून टेम्पोत ठेवलं. मला फार अपमान वाटला. एवढ्या वर्षांत मधला पट्टा कधी टेम्पोत राहिला नव्हता. रात्रभर मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात नावं ठेवली.

सकाळी ऊन चढलं आणि माझ्या मोकळ्या जागेतून सरळ स्टेजवर उतरलं. नेमकं पाहुण्यांच्या खुर्चीवर. हार कोमेजू लागले. भैय्याजी आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हे अर्धवट काम कसं, असं त्यांनी विचारलं. काकाजींनीच सांगितलं होतं, असं कैलाश म्हणाला.

"त्याले काय समजते," भैय्याजी म्हणाले. "सत्कार त्याचाच होऊन राहिला. मी का त्याले उन्हात बसवू? विमान आलं का सारेच भाईर जाऊ."

म्हणजे त्यांनी विचार केला होता. अकरापर्यंत सत्कार उरकायचा, सव्वा अकराला सगळ्यांनी मैदानात उभं राहायचं. मग कैलाशनं मला टेम्पोतून काढलं, शिडी लावली आणि बांधलं. मला तेव्हा आनंद झाला. खरं सांगायचं तर मी मिरवलो. केशवराव आले तेव्हा त्यांनी एकदा वर बघितलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. ज्याचा सत्कार त्यानं तक्रार कशी करायची?

तुळसाबाईंना स्टेजवर बसायला सांगितलं होतं. "मले नको वरते," म्हणून त्या शाळेच्या मागे गेल्या. तिथं भैय्याजींची बायको शकुनबाई आणि इतर बाया आलुपोह्यांची तयारी करत होत्या. तुळसाबाई कोथिंबीर निवडत बसल्या.

कार्यक्रम दहाचा होता. पाहुणे पावणेअकराला आले. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार झाले, दीपप्रज्वलन झालं, ओळख झाली. पाहुणे पाच मिनिटं बोलतो म्हणाले आणि पंधरा मिनिटं बोलले. मग शाल पांघरली, नारळ दिला. शेवटी मानपत्र. ते वाचायला प्रतिक्षाला उभं केलं होतं. ती नववीत आहे, चारचौघांत बोलायला घाबरते. गुरुजींनी तिला बजावलं होतं की काही झालं तरी मधे थांबायचं नाही.

तिनं पहिला परिच्छेद वाचला आणि केशवरावांची मान वर झाली. अजून कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

"आलं," ते म्हणाले. स्वतःशीच.

अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. पाहुणे उशिरा येतात या सवयीनं गावानं सगळी वेळ मांडली होती. विमान थोडं लवकरही येऊ शकतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

आधी लोकांना वाटलं ट्रॅक्टर आहे. मग आवाज जड झाला, खांब थरथरले आणि पोरं ओरडत मंडपाबाहेर पळाली. त्यांच्यामागे मोठी माणसं. खुर्च्या पडल्या. स्टेजवर मात्र पाहुणे बसलेले होते, म्हणून बाकीचेही बसलेले होते. भैय्याजी अर्धे उठले, पाहुण्यांकडे बघितलं आणि परत बसले. त्यांनी प्रतिक्षाला हातानं खूण केली की लवकर आटप.

तिच्या चार ओळी राहिल्या होत्या. ती वाचत राहिली.

केशवराव उठू लागले. काठी खुर्चीच्या मागे होती आणि दोन्ही हातांत नारळ होता. मानाचा नारळ जमिनीवर ठेवत नाहीत. त्यांनी शेजारी बघितलं, पण तो घ्यायला कुणाचाच हात पुढे आला नाही, कारण सगळे माना वाकड्या करून मंडपाच्या कडेतून बाहेर बघत होते. ते परत खाली बसले आणि त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्याकडे. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे असं टक लावून बघत होतं, आणि मी तिथं नसावं असं त्याला वाटत होतं.

वरच्या अंगानं मला सगळं दिसलं. चंदेरी, भलं मोठं, पंखांवर ऊन झळकणारं डाकोटा, इतकं खाली की पोटावरच्या पत्र्यांचे जोड मोजता आले असते. त्याच्या दोन बाजूंना दोन पिवळी लहान विमानं. मी फडफडलो. जीव तोडून फडफडलो. नुसता एक कोपरा सुटला असता तरी खालच्या माणसाला हातभर आभाळ मिळालं असतं. पण गाठी कैलाशच्या होत्या. विमानाची सावली माझ्यावरून सरकली. केशवरावांना दिसलं ते एवढंच. पांढऱ्या कापडावर डोळ्याची पापणी लवावी तेवढा काळोख.

"आपले नम्र, समस्त ग्रामस्थ," प्रतिक्षानं वाचलं. सातआठ जणांनी टाळ्या वाजवल्या. आवाज नदीकडे निघून गेला होता.

मग भैय्याजींनीच त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि त्यांना धरून मैदानात नेलं. आभाळ रिकामं होतं. भैय्याजी म्हणाले की ते एक चक्कर मारून परत येतं, तशी रीतच असते. ते परत येत नाही हे केशवरावांना माहीत होतं, तरी ते मित्राच्या समाधानासाठी उन्हात उभे राहिले. दहा मिनिटं गेली. पाहुणे पोहे न खाताच गेले.

"केशवा, मले मार," भैय्याजी म्हणाले.

"तुह्या हाडाले हात लावला तं मोडन," केशवराव म्हणाले. "राहू दे."

प्रतिक्षा मानपत्राची सुरळी हातात घेऊन उभी होती. मी थांबायला पाहिजे होतं, असं ती दोनदा म्हणाली. केशवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाचन चांगलं झालं म्हणाले. त्यामुळे ती जास्तच रडली. ती रडत होती, भैय्याजींची मान खाली होती, कैलाश उगाच एक दोरी गुंडाळत होता. आणि मी सगळ्यांच्या वर, झालर लावून, ताठ बांधलेला.

तेव्हा शाळेच्या मागून तुळसाबाई आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू. बोटं कोथिंबिरीनं हिरवी झाली होती. त्यांना मंडपातलं काही माहीत नव्हतं. चेहरा पोरीसारखा उजळला होता. नवऱ्याजवळ येऊन त्या थांबल्या आणि त्यांना समजलं.

"तुमी नाही पाह्यलं?"

केशवरावांनी मान हलवली. मग विचारलं, "तू पाह्यलं का?"

"हो."

"सांग मंग."

त्या अडखळत सांगू लागल्या. "मोठं होतं. चांदीवानी. संगं दोन पिवळे पिल्लं होते. आवाज इथं छातीत बसला." मग म्हणाल्या, "पण अवो, त्याचे चाकं पुरे आत नव्हते गेले. अर्धे भाईर दिसत होते. मले भेव वाटलं. काही बिघडलं तं नव्हतं?"

केशवरावांचा चांगला डोळा ओला झाला.

"नाही बिघडलं," ते म्हणाले. "डाकोटाचे चाकं तसेच रायते. अर्धे भाईर." आणि मग, "मंग तू बराबर पाह्यलं."

दोघं शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. तिनं आणखी विचारलं, त्यांनी हातवारे करून सांगितलं. यावेळी तिला हातवारे समजत होते.

माझी लाज यानं धुऊन निघाली असं तुम्ही म्हणाल. नाही निघाली. तुळसाबाईंना विमान दिसलं ते माझ्यामुळे नव्हे, त्या माझ्या सावलीत नव्हत्या म्हणून. त्यांना ते दाखवायला केशवराव शेजारी उभे राहणार होते, ते राहून गेलं. आणि ते आता होणार नाही.

सध्या मी पवनीत कैलाशच्या गोदामात आहे. इतर सहा पट्ट्यांच्या खाली, घडी करून. उंदीर फिरतात, दमट वास येतो. कैलाश मला हातात घेतो आणि परत ठेवतो. आसगावनंतर त्यानं मला दोनदाच बांधलं, आणि दोन्ही वेळा ज्यांचं कार्य होतं त्यांना आधी विचारून. तो पूर्वी असं विचारत नसे.

तुम्ही कुणाचा मान करणार असाल तर अवश्य करा. शाल द्या, नारळ द्या. पण त्याला कुठं बसायचंय ते आधी विचारा, आणि त्यानं सांगितलेलं त्याच्याच भल्यासाठी बदलू नका.

आणि कधी आसगावला गेलात, शाळेच्या पायरीवर केशवराव भेटले, तर माझा एवढा निरोप द्या. सांगा की त्या दिवशी विमान मी पाहिलं, अगदी जवळून. ते बघणं माझं नव्हतं, त्यांचं होतं.